मन्या, पत्ता काही बदलेना

मुलुंड, रविवार रात्र

प्रिय मन्या,

आईचा गुडघा बरा, माझी शुगर आहे तिथेच. आता मुद्द्याचं. घरात कुणाला सांगून उपयोग नाही, सुषमा म्हणते, "नेट चालतंय ना, मग झालं!"

तन्वीच्या अ‍ॅडमिशनची वेबसाइट आमच्या वायफायवर उघडतच नाही. तुमचा आयपी अ‍ॅड्रेस ब्लॉक केला आहे, एवढंच येतं. मोबाइल डेटावर मात्र झटक्यात उघडते. म्हटलं, बदलू की पत्ता. कॉम्प्युटरला पत्ता सोडून नवा मागायला लावला, आयपीकॉन्फिग रिलीज, रिन्यू, तर पुन्हा तोच १९२.१६८.१.५. मग हाताने शेवटी ५ऐवजी ५० टाकला. नेट चालू, ब्लॉक कायम. हो रे, माहितीये, तो घरातल्या घरातला पत्ता, बाहेर त्याला कोण विचारतो! पण आधी तिथेच हात जातो.

राउटर रात्रभर बंद ठेवला. सकाळी त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो तर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० पॉइंट ७२ने सुरू! १००.६४ ते १००.१२७ म्हणजे सीजीनॅट, पत्ता वाटून वापरायची सोय. आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४३० कोटीच्या आत, मुख्य साठा २०११ मध्येच संपला. त्यामुळे कंपनी एकाच बाहेरच्या पत्त्यावर कितीतरी घरं बसवते. आपल्या चाळीचा पत्ता होता ना, खोली नंबर न लिहिता, तसं. आता भांडुपात कुणीतरी उपद्व्याप करणार आणि दार माझं बंद.

कस्टमर केअरची पोरगी म्हणाली, "सर, राउटर रीस्टार्ट करा." पुढे म्हणे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता घ्या, दरमहा वेगळे पैसे. माझ्याच घराचं भाडं!

आणि तुला म्हणून सांगतो, झोप याने उडालीये: त्या भांडुपवाल्याने खरंच काही भानगड केली तर? पोर्ट नंबर (म्हणजे त्या पत्त्यातला खोली नंबरच) आणि नेमकी वेळ असेल तर कंपनीला लॉगमधून नेमकं गिऱ्हाईक काढता येतं. पण बऱ्याच वेबसाइट पोर्ट नोंदवतच नाहीत. मग हवालदार कुणाची बेल वाजवणार? सुषमाला हे बोललो नाही, ती आधी मलाच विचारेल, "तू काय बघत होतास?"

गॅलरीतून वायर टाकून आपण गेम खेळायचो तेव्हा दोन्ही मशीनवर ०.१ टाकून कॉन्फ्लिक्ट कुणी केला होता? तो नंबर माझाच होता, मन्या. अजूनही माझाच.

फॉर्म शेवटी हॉटस्पॉटवरून भरला. पण रोज काय हॉटस्पॉट लावायचा? राउटरमध्ये आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर पत्ते, चालू करायची सोय दिसतेय. म्हणजे ज्या वेबसाइटकडे आयपीव्ही६ आहे तिथे तरी सीजीनॅटची गर्दी टळेल. करू का, की गप पैसे भरून स्टॅटिक घेऊ?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली टळली असं ऐकलं, बरं झालं. काकांना नमस्कार.

उत्तर दे, आणि यूट्यूबच्या लिंका पाठवू नकोस.

तुझा,
पक्या