तक्रार: तुमच्या सिंक प्रोग्रामने माझ्या संपर्कांतली सगळी मराठी नावे पुसली

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या हेल्पलाइनवरचा शेवटचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. तक्रार क्रमांक आणि फोनचं मॉडेल तुमच्याकडे नोंदलेलं आहे.

सावद्याला माझा केळीचा व्यापार आहे. शेतकरी, गाडीवाले, मुकादम, दिल्लीकडचे व्यापारी असे हजारावर संपर्क कॉम्प्युटरच्या अॅड्रेस बुकात मराठीत लिहिलेले होते. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पाटील, चौधरी, महाजन घरोघरी, म्हणून नावापुढे गाव आणि बागेची खूण टाकलेली: निंभोऱ्याचे, विहिरीजवळचे, तांदलवाडीचे, टिश्यूवाले (टिश्यू कल्चरची रोपं लावणारे). बऱ्हाणपूरचा भाव कळला की याच यादीवरून फोन होतात आणि कोणाच्या बागेत गाडी लावायची ते ठरतं.

ही यादी कॉम्प्युटर आणि फोनची जुळवणी करणाऱ्या तुमच्या सिंक प्रोग्रामने नव्या फोनमध्ये पाठवली. इंग्रजीतली नावं जशीच्या तशी आली, मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तुमच्या माणसाने सांगितलं, पुन्हा सिंक करा. केलं. दोन्ही बाजूंची जुळवणी तुम्ही आधीपासून चालूच ठेवलेली असते, त्यामुळे तीच प्रश्नचिन्हं फोनमधून परत कॉम्प्युटरवर आली आणि तिथली चांगली नावंही गेली.

दोष फोनचा नाही. हाताने मराठी नाव लिहिलं तर त्यात नीट उमटतं. तुमचा प्रोग्राम संपर्कांची जी व्हीसीएफ फाइल बनवतो ती मी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तिच्यातच प्रश्नचिन्हं आहेत. युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या पद्धतीतलं नाव, देवनागरी नसलेल्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात, कोंबलं की असंच होतं, आणि एकदा झालेल्या प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत निघत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. व्हीसीएफ फाइल ज्या व्हीकार्ड नमुन्यात असते त्याची ४.० आवृत्ती २०११ साली आली, तिला तर युटीएफ-८ या युनिकोड लिहिण्याच्या पद्धतीशिवाय दुसरं काही चालतच नाही. हे तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक असणारच. मग आजवर दुरुस्त का केलं नाही?

आता शेवटच्या फोनबद्दल. मी मराठीत बोलत होतो, तुमचा प्रतिनिधी हिंदीत. नोटपॅडमध्ये काय दिसलं ते सांगायला लागलो तर मधेच तोडून विचारलं, नावं इंग्रजीत का ठेवत नाही? मी म्हटलं, बॉक्सवर तुम्हीच मराठी छापलंय. त्यावर बराच वेळ गाणं ऐकवलं. परत आल्यावर म्हणतो, "सर, नंबर तर सगळे आलेत ना? फोन लावा आणि नाव विचारून घ्या." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. त्याने तेच, सावकाश, लहान पोराला समजावावं तसं सांगितलं. ज्यांच्या घरी मी लग्नाला जेवलो, ज्यांनी भाव न ठरवता माझ्या शब्दावर माल कापू दिला, त्यांना फोन करून मी विचारू, तुम्ही कोण? त्या माणसाला मनातून काय वाटेल? मी हे त्याला बोललो. त्याने विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का, आणि फोन बंद झाला.

नावं इंग्रजीत का ठेवत नाही, हा प्रश्न मराठी छापून फोन विकणाऱ्या कंपनीने विचारावा, याची चीड अजून जात नाही. आमच्या घरात सगळे फोन तुमचेच आहेत. गावात कितीतरी जणांना मीच सांगून घ्यायला लावले. आता सांगणार नाही.

कॉम्प्युटरमधली मूळ यादी तुमच्या खर्चाने, तुमचा तंत्रज्ञ सावद्याला पाठवून, जितकी परत मिळेल तितकी मिळवून द्या. जी मिळणार नाही तिची भरपाई द्या. प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत दोन्ही बाजूंची जुळवणी आपोआप चालू ठेवणं बंद करा, नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाची यादी जाईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, मराठीत. नाही आलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावतो. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तो लावता येतो, त्यामुळे तारखेला तुम्हालाच इकडे यावं लागेल. व्हीसीएफ फाइल आणि खरेदीची पावती जपून ठेवली आहे.

एक केळी व्यापारी
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव