फोन उचलणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समुपदेशन आमच्या खोलीत सुरू होतं, असं सगळे धरून चालतात. खरं तर ते तुमच्या टेबलावरच्या फोनपासूनच सुरू होतं. "सहज चौकशीला फोन केला" म्हणणारा माणूस यायचं की नाही, हे पुढच्या मिनिटभरात ठरवतो. ते मिनिट तुम्ही फार जपून सांभाळता, म्हणून आम्ही सगळ्या समुपदेशकांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे.

"काय त्रास होतोय?" हा तुमचा पहिला प्रश्न कधीच नसतो. तुम्ही विचारता, "आत्ता मोकळेपणी बोलता येतंय ना? की नंतर फोन करू?" कळव्यातल्या वन-रूम-किचनमध्ये सासूबाई हाताच्या अंतरावर असतात, हे तुम्हाला माहीत असतं. मग कुठल्या नंबरवर करायचा, मेसेज पाठवला तर चालेल का, हे विचारून घेता. तपशील खोदत नाही. दुःख दोनदा सांगायची दमणूक त्यामुळे वाचते.

सत्र ४५-५० मिनिटांचं, सुरुवातीला आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी. सीबीटीसारख्या, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या पद्धतीत साधारण १२ ते २० सत्रं. हे सगळं तुम्ही फीसकट आधीच सांगता. "एकदा येऊन तर बघा" एवढ्यावर बोलावलेला माणूस तिसऱ्या वेळी खर्चाचा हिशोब करतो आणि थांबतो. ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्याला ट्रान्स-हार्बरची गाडी आणि स्टेशनपासूनची चाल धरून वेळ देता. वर सांगता, "नंतर लगेच काही ठेवू नका. तलावपाळीला एक चक्कर मारा, मग घरी जा." रडून लाल झालेले डोळे घेऊन थेट ओट्याशी उभं राहणं किती जड जातं, ते आम्ही ऐकत असतो.

चालू गोळ्यांची नावं आणि जुने रिपोर्ट तुम्ही आठवणीने आणायला लावता. थायरॉइड बिघडलं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तरी उदासी आणि थकवा येतो; तो नुसत्या बोलण्याने जायचा नाही. औषध आम्ही नाही, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही तुमच्याकडूनच लोकांना पहिल्यांदा कळतं.

सगळ्यात मोठे आभार नवव्या प्रश्नासाठी. नैराश्य किती आहे हे पाहणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, बेरीज ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज ६ आली की कागद फाइलला लावून मोकळं होणं सोपं असतं. तुम्ही आधी नवव्या रकान्याकडे बघता. तिथे शून्याशिवाय काहीही असलं, की आमचं दार वाजतं आणि त्या माणसाला त्याच दिवशी कुणीतरी भेटतं. रात्रीबेरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्ही कार्डावर हाताने लिहून देता. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रानंतर काहींना आधीपेक्षा वाईट वाटतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं वर येतं आणि लोकांना वाटतं, उपचार चुकतोय. "या आठवड्यात जमणार नाही" हा मेसेज बहुधा तेव्हाच येतो. तुम्ही "का येत नाही?" असं विचारत नाही. "वेळ बदलून देऊ का? आणि जड वाटत असेल तर तेच मॅडमना सांगा" म्हणता. समुपदेशकाशी सूर जुळत नसेल तर दुसरं कुणी मागता येतं, हेही सांगता. यात आम्हाला जराही कमीपणा वाटत नाही.

आणि ते "आमचा मुलगा आत काय बोलला?" असे फोन. मुलगा तिशीचा, विचारणारे वडील काळजीने व्याकूळ. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. पण कलम सांगून वडिलांचा जीव थाऱ्यावर येत नाही. "काका, ते त्यालाच विचारा. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर वेगळी वेळ देते," हे तुमचं उत्तर आम्ही आता नव्या सहकाऱ्यांना शिकवतो.

टेबल दारापासून आत सरकवावं, म्हणजे बाहेर बसलेल्यांना फोनवरचं बोलणं ऐकू जाणार नाही, असं तुम्ही सुचवलं होतंत. सोमवारी सकाळी आम्ही ते सरकवतो आहोत. वायर किती लांब लागेल तेवढं सांगा.

तुमच्या,
आतल्या खोल्यांमधल्या सगळ्याजणी
ठाणे