तुझा अर्धा हिस्सा

वाघोली, पुणे
रविवार, दुपार

प्रिय शमे,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. आईंची शुगर आटोक्यात, निखिलची पाठ होती तशीच, माझं वजन विचारू नकोस. तुझ्या त्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला होता, त्याचा राग अजून धरून बसली असशील तर खुशाल बस. पण आधी हे वाच.

आपलं कॉफीचं मशीन बंद पडलंय.

इथे ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने 'मग चहा पी की' एवढंच म्हटलं. म्हणून तुला लिहितेय.

झालं असं की सकाळी नेहमीसारखं बटण दाबलं, बॉयलर तापायला लागला आणि घरातली सगळी वीज गेली. ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की सगळं बंद करणारा तो स्विच, पडला. निखिल कुठल्याशा क्लायंटला काहीतरी पटवत होता, त्याचं पटवणं अर्ध्यात तुटलं. आई बाथरूममध्ये होत्या, त्यांनी आतूनच रामरक्षा सुरू केली. पहिला संशय अर्थातच गीझरवर, आमच्या घरातला तो कायमचा आरोपी. मग मिक्सर, मग इस्त्री. शेवटी मशीनचा प्लग काढला तेव्हा बटण वर राहिलं. परत लावला, नुसता पंप चालवला, काही नाही. पाणी तापवणाऱ्या कॉइलकडे करंट गेला की धाड!

वायरमनला बोलावलं. त्याने मशीनकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अर्थची वायर काढून टाकतो, मग नाही पडणार."

मी म्हटलं, "मग ती वीज जाईल कुठे?"

"कुठं नाही जात. मशीनमध्येच राहील."

शमे, तेव्हा माझ्या हातात धातूचा पोर्टाफिल्टर (कॉफीची पूड भरून मशीनला लावायचा दांडा) होता. मी त्याला चहा पाजला, पैसे दिले आणि दारापर्यंत पोचवून आले.

मग तू जे केलं असतंस तेच केलं. वरचं झाकण काढलं, फोटो काढून ठेवले, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि तुझा पिवळा मल्टिमीटर लावला. (हो, तो माझ्याकडेच आहे. तू सांगलीला विसरलीस म्हणून सगळं घर उलटंपालटं केलं होतंस ना? घे.) कॉइलच्या दोन टोकांमध्ये चाळीसेक ओहम, म्हणजे ती शाबूत. पण एक टोक आणि बॉयलरचा पत्रा यांच्यामध्ये काटा हलायलाच नको होता, तिथे जेमतेम सहा-सात हजार ओहम. २३० व्होल्टला भाग देऊन बघ. तीस मिलिॲम्पियरच्या वर जातं आणि ईएलसीबी तेवढ्यालाच पडतो. म्हणजे त्या बिचाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं.

कॉइलच्या नळीत ती पांढरी पूड असते ना, मॅग्नेशियम ऑक्साइडची, ती हवेतलं पाणी ओढते. नळीला कुठेतरी केसाएवढी भेग गेली की पूड ओली होते आणि करंट पत्र्यावर उतरतो. मी बॉयलर काढून ओटीजीमध्ये मंद आचेवर अर्धा दिवस सुकवला. आईंनी विचारलं, "नानकटाई का गं?" सुकल्यावर आकडा एकदम सुधारला. परत जोडलं, वीज टिकली, एक कॉफी मिळाली. कडू होती, पण मी ती उभ्या उभ्या डोळे मिटून प्यायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धाड. भेग आहे ती आहेच. आणि कॉइल बॉयलरच्या ॲल्युमिनियममध्येच ओतलेली, म्हणजे नुसती कॉइल बदलता येत नाही. अख्खा बॉयलर बदलायचा.

आता मूळ मुद्दा. पाण्याचं मी तुला सांगितलं होतं.

माटुंग्यात एकत्र राहायचो तेव्हा तू काय म्हणायचीस आठव. "डीस्केलिंग हे पावडर विकणाऱ्यांचं खूळ आहे." मी आतला क्षार काढायला लिंबूफूल घेऊन उभी राहिले की तू मशीनसमोर हात पसरून उभी राहायचीस, जसं काही मी विष घालायला निघालेय. त्यावरून आपण एकदा अख्खा शनिवार बोललो नव्हतो आणि मामींच्या मार्फत 'दूध संपलंय' असे निरोप चालले होते. तुझं तेव्हा खपून गेलं त्याचं कारण तुझी अक्कल नव्हे, भातसा-वैतरणा. तलावात साठलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कितीसे असणार! तिथे आपण झाकण उघडलं होतं तेव्हा आत जेमतेम पांढरट छटा होती. यंत्र इटलीचं असेल, पण पोट त्याचं मुंबईचं होतं.

इथे टँकर आणि बोअर. काळ्या कातळाच्या भेगांमधून झिरपून आलेलं पाणी, चुन्याने भरलेलं. तापलं की त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना दगड होऊन भिंतीला बसतो. बादल्या, नळ, गीझर, सगळं पांढरं. खडकवासल्याचं पाणी येतं त्या पेठांमधल्या लोकांना हे कळायचं नाही. मी नेमाने डीस्केल करत आलेय, तरी या वेळी आत जो थर दिसला तो नखाने निघेना. थराखाली धातू जास्त तापतो, तापून थकतो आणि एक दिवस फाटतो. भेग त्यानेच पडली असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, पण तुझ्यासमोर नक्की करीन.

तू म्हणशील, मग आरओचं घालायचं. घातलं होतं. नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी अशी लागते की आपण कुणाच्या तरी कॉफीबद्दल ऐकतोय. काहीतरी क्षार हवेतच, नाहीतर चव बाहेर येत नाही आणि इतकं कोरं पाणी धातूलाही मानवत नाही. शेवटी मला जमलं ते हे: शुद्ध पाणी आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. त्यात कॅल्शियमच नाही, तर चुना साचणार कशाचा? हे तुझ्या उपयोगाचं आहे, लिहून ठेव. म्युनिकचं पाणी आमच्या बोअरचं सख्खं भावंड आहे आणि तुझ्या किटलीचा फोटो मी पाहिलाय.

तर बॉयलर. आता घरातलं राजकारण ऐक.

निखिलने प्रेमाने ठरवलंय की मला वाढदिवसाला फुल्ली ऑटोमॅटिक मशीन द्यायचं. बिया वर टाकायच्या, बटण दाबायचं, कॉफी खाली. चोथाही आपला आपण आतल्या डब्यात पडतो. त्याने रंगसुद्धा विचारला. माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं! मी त्याला म्हटलं, बटण दाबून कॉफी मिळणं हीच तर माझी तक्रार आहे. तो म्हणाला, "मग कॉफी कशासाठी असते?" याला उत्तर काय देऊ?

त्याला सकाळचा माझा तो अर्धा तास दिसतो. दिवा विझायची वाट बघत उभी. अठरा ग्रॅम पूड, सुईने गुठळ्या फोडणं, दाबणं, मग घड्याळाकडे डोळे. पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम यायला हवी. पंधरा सेकंदांतच भळाभळा आली की आंबट. मग दळण एक खाच बारीक, पुन्हा. दर रविवारी भोक नसलेली वाटी लावून, पावडर घालून उलटं धुणं. दोन माणसांच्या कॉफीसाठी एवढं? एरवी आमच्याकडे कढीला ढवळत बसायला कुणाकडे वेळ नसतो, हेही तो बोलून दाखवतो आणि ते खरं आहे.

आईंचं निराळंच. त्यांना अजून तो वरचा फेस मळीसारखा वाटतो. "डाळीचा काढतो तसा काढून टाकायचा का?" मी त्यांना तुझं जुनं भाषण ऐकवलं. मिलानच्या अकिले गाजियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं मशीन आणलं तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांनीही हेच विचारलं म्हणे, आणि त्या पठ्ठ्याने फेसालाच 'क्रेमा काफे' नाव देऊन जाहिरात केली. आई म्हणाल्या, "हुशार होता." मग मी ई६१ चं पण सांगितलं, १९६१ च्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्या मशीनचं नाव पडलं म्हणून. तिथे त्यांचा चेहरा उतरला. ग्रहणाचं नाव लावलेल्या वस्तूने घरात अंधार केला, यात त्यांना नवल असं काहीच वाटत नाही. आपलं मशीन ई६१ नाही, ते फक्त तुझ्या स्वप्नात होतं, हे सांगून उपयोग झाला नाही.

मामींशी फोनवर बोलले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. मशीनचं ऐकून हसल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, पितळी फिल्टरला वायर नसते." तुला आठवतंय, आपण त्यांना पहिला एस्प्रेसो दिला तेव्हा त्यांनी तो फिल्टर कॉफीचा अर्क (डिकॉक्शन) समजून डवऱ्याच्या वाटीत ओतला, वर दूध-साखर घातली, वरखाली केला आणि म्हणाल्या, "चिकोरी कमी पडली." तू दुखावली गेली होतीस. मला मात्र तो डवऱ्यातला घोट आपल्या कॉफीपेक्षा बरा लागला होता. आज सांगते.

सोसायटीतला एक मुलगा कॅफेंची मशीनं दुरुस्त करतो. तो म्हणाला, नवा बॉयलर मागवाल तर कुरिअर आणि कस्टम धरून निम्म्या नव्या मशीनचे पैसे जातील, त्यापेक्षा मला पार्ट्ससाठी देऊन टाका. पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह चांगला आहे, सांगाडा तर पुढची वीस वर्षं जाईल. रक्कमही बरी सांगितली. निखिलला हे सगळं फारच सरळ वाटतं. मी त्याला म्हटलं, मला एकटीला विकता येत नाही, ते निम्मं शमाचं आहे. तो हसला. त्याला वाटलं मी सबब सांगतेय. पण तू निघताना एअरपोर्टवर काय म्हणाली होतीस? पासपोर्ट तोंडात धरून, ट्रॉली ढकलत? "ग्राइंडर तुझा. मशीन दोघींचं. विकायचं नाही." ग्राइंडरवर मशीनइतके पैसे घातले म्हणून मला वेडी ठरवणारी तूच, आणि तो ग्राइंडर आजही एकदाही न कुरकुरता चालतोय, हे जाता जाता.

आणि खरं सांगू, निम्म्या पैशांचा हिशेब मलाही पटतो. रोज सकाळी मी त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहते आणि मग फ्रेंच प्रेसमध्ये गरम पाणी ओतते. त्याचीही कॉफी चांगली होते, हीच पंचाईत आहे. वाईट झाली असती तर निर्णय सोपा होता. मशीन कॉफीसाठी हवंय की कशासाठी, हे मी स्वतःला विचारायचं टाळतेय. तू पण विचारू नकोस.

तुझ्या नोकरीचं काय झालं? ती कपात तुमच्या टीमपर्यंत आली का? ओमच्या बालवाडीतल्या बाई अजून रागीट आहेत का? काकूंना मोतीबिंदूचं लवकर उरकायला सांग, त्या तुझंच ऐकतात. डिसेंबरला येतेयस हे नक्की ना?

नक्की असेल तर मशीनच्या मागच्या पाटीचा फोटो वेगळा पाठवते. तिकडे बॉयलर सहज मिळतो, मी पाहिलंय. २३० व्होल्टचाच घे. लहानसा असतो, आत कपभर पाणीसुद्धा मावत नाही, तुझ्या बॅगेत चॉकलेटांच्या जागी बसेल. पावती जपून ठेव, कस्टमवाल्याने विचारलं तर काय आहे ते सरळ सांग. पैसे अर्धे अर्धे. आणि आणायचा नसेल तर तसं लिही, तुझा हिस्सा त्या मुलाच्या पैशांतून पाठवते. पण फोनवर सांगू नकोस, लिहूनच सांग. फोनवर तू माझं काही चालू देत नाहीस.

तुझी,
मधू

ता. क. बॉयलर आणलास तर ग्रुपचं, म्हणजे पोर्टाफिल्टरचा दांडा बसतो तिथलं, रबरी गॅस्केटही आण. जुनं कडक झालंय, दांडा सरळ थांबायच्या ऐवजी पार उजवीकडे जातो. साडेआठ मिलिमीटरचं. मागच्या वेळी 'आठने काय बिघडतंय' म्हणून तू आठचं आणलंस आणि पंधरा दिवस माझ्या बाह्यांवर कॉफी गळत होती.