'शोभेच्या वस्तू' नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात निधनवार्तेच्या रकान्यात अण्णांविषयी चार ओळी आल्या. त्यातल्या तिसऱ्या ओळीत 'बांबूच्या शोभेच्या वस्तू बनवणारे कारागीर' असं छापलंय. घरच्यांनी गडबडीत फोनवर मजकूर सांगितला असणार, दोष कुणालाच देत नाही. पण तीस वर्षं त्यांच्या शेडमध्ये ऊठबस केल्यावर ती ओळ तशीच सोडून देणं मला जमेना. अण्णा गळाच्या काठ्या बनवायचे. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला म्हणून एक गृहस्थ काठी मागायला आले होते. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिंतीला मासे लागत नाहीत हो."

मी टर्नर. जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथपुढे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापुढे, उभं राहण्यात गेला. अण्णांकडे पहिल्यांदा गेलो तो मोडलेलं शेंड्याचं टोक घेऊन. काठी वडिलांची होती. "कशी मोडली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मोठा मासा लागला होता." त्यांनी मोडलेली जागा चष्म्याजवळ नेली, नखाने चाचपली, "बरं" म्हणाले आणि महिन्याने यायला सांगितलं. तो 'बरं' माझ्या मनात बरीच वर्षं खुपत राहिला. का, ते शेवटी सांगतो.

अख्ख्या वेळूला दोरी बांधली की झाली काठी, अशी बहुतेकांची समजूत असते. अण्णांची काठी म्हणजे सहा कामट्या. प्रत्येक कामटी त्रिकोणी, तिन्ही कोन साठ अंशांचे. सहा एकत्र चिकटवल्या की षट्‌कोन. बांबू ते करवतीने कापत नसत, फाडत. करवत धागा तोडते, फाडताना चीर धाग्याच्या कलाने जाते. बांबूची खरी ताकद सालीला लागून असलेल्या धाग्यांत असते, आत जावं तसे धागे विरळ होत जातात. म्हणून रंधा फक्त आतल्या दोन बाजूंना. सालीच्या बाजूला शेवटी चकाकी खरवडण्यापुरतंच पातं लावायचं. गाठींपाशी धागे वाकडे होतात. तिथे स्पिरिटच्या दिव्यावर ऊब देऊन व्हाइसमध्ये दाबायचं. कामट्या मांडताना शेजारशेजारच्या दोन गाठी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत. आल्या तर काठी तिथेच मोडणार. मग भट्टी, सुमारे १७५ अंश सेल्सियसला, ओल जाऊन बांबू ताठ होईपर्यंत. अशी एक काठी हाताने करायची तर चाळीस ते साठ तास मोडतात, आणि यात वार्निश वाळायचे दिवस धरलेले नाहीत.

आमची ओळख घट्ट झाली ती रंध्याच्या साच्यामुळे. दोन लांब पोलादी पट्ट्या, मध्ये साठ अंशांची खाच. खाच एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. दर पाच इंचांवर दोन बोल्ट, एक पट्ट्या जवळ ओढणारा, दुसरा दूर ढकलणारा. बोल्ट फिरवून जिथे जेवढी खोली हवी तेवढी ठेवायची, कामटी खाचेत बसवायची आणि रंधा पोलादाला टेकेपर्यंत मारायचा. काठीच्या जाडीत समोरासमोरच्या दोन कामट्या येतात, म्हणून शेंड्याला काठी ७० थाउ जाड हवी तर तिथे कामटी ३५ थाउ, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. सुतार सुतात मोजतात, आम्ही टूलरूमवाले थाउत, इंचाच्या हजाराव्या भागात. हा माणूस लाकूडकामाच्या बाकावर बसून थाउत बोलतो, यानेच मी गार झालो. साचा मी करून देतो म्हणालो. पाच महिन्यांचे रविवार गेले. एका थाउच्या आत आणला म्हणून छाती काढून नेऊन दिला. त्यांनी खोली मोजायचा डेप्थ गेज फिरवला. "तिसऱ्या ठाण्यावर दोन थाउ खोल आहे." खरंच होता. माझा चेहरा बघून म्हणाले, "जाऊ दे रे टर्नर. उद्या पाऊस पडला की बांबूच दोन थाउ फुगेल. त्याला फुगू दे, आपण फुगायचं नाही."

रंधा मारताना ते डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवत. बांबूवर असतो तोवर रंधा सळसळतो, पोलादाला टेकायला लागला की आवाज चढतो. आवाज चढला की हात थांबला पाहिजे, नाहीतर पातं गेलंच. तसंही बांबूत सिलिका असते, पात्याची धार लवकर जाते. दोन-तीन कामट्या झाल्या की धारेचा दगड काढून बसत. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, बोलणं काय ते त्या दगडावरच व्हायचं.

तिथेच कळलं की ही सहा कामट्यांची विद्या एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकेत तेव्हा काठ्यांना जो बांबू वापरत त्याला 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो कोलकात्याच्या बंदरातून जहाजावर चढे. पुढे दक्षिण चीनमधल्या गुआंगदोंग प्रांतातला टोंकिन बांबू आला. तो जास्त सरळ, गाठी कमी, सालीलगतचे धागे दाट. त्याने आपल्या बांबूला बाजारातून उठवलं. अण्णाही टोंकिनच वापरत. कुणी स्वदेशीचा मुद्दा काढला की म्हणत, "मासा पासपोर्ट बघत नाही." १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तो १९७१ पर्यंत. टोंकिन तिकडे मिळेना, तेवढ्यात फायबरग्लासने बाजार धरला आणि लगेच मागून कार्बन फायबर आला. पण अण्णा कार्बनला नावं ठेवणाऱ्यातले नव्हते. खाऱ्या पाण्यावर गरवायला ते स्वतः कार्बनची काठी नेत. हे ऐकून त्यांचे काही भक्त दुखावतील, पण खरं आहे.

त्यांच्या बाकाच्या खणात एक झेरॉक्सचा गठ्ठा होता. एव्हरेट गॅरिसन नावाचे अमेरिकन इंजिनिअर काठीचा उतार, म्हणजे ती बुडापासून शेंड्याकडे कशी बारीक होत जावी ते, पुलाचं गणित मांडावं तसा मांडत. ते १९७५ साली गेले आणि दोन वर्षांनी त्यांच्या शिष्याने त्यांची सगळी पद्धत पुस्तकात छापली. अण्णा इंग्रजी अडखळत वाचत, आकडे मात्र घडाघडा. त्याच खणात त्यांची स्वतःची वही आहे. दर पाच इंचांना एक आकडा, आणि शेजारी पेन्सिलीने 'मनगटात जड', 'म्हाताऱ्यासाठी बरी', 'पुन्हा करू नये'. ती वही त्यांच्या मुलीने माझ्याकडे दिली आहे. मी ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढतो आहे. शिष्य म्हणवून घेण्याइतकी माझी लायकी नाही, पण आकडे मला वाचता येतात.

एक दृश्य सांगतो. वार्निशच्या उभ्या नळीत काठी बुडवून ते ती दोऱ्याने वर ओढत. मोटर नव्हती, एक चाक आणि त्यांचा हात. मिनिटाला चार बोटं, फार तर. गळाची दोरी ओवायच्या कडीजवळ रेशमी दोऱ्याचा वेढा आला की थांबायचं, जादा वार्निश निथळेपर्यंत. तेवढा वेळ शेडमध्ये पंखा बंद, दार बंद, आम्ही दोघं घामाघूम आणि बोलणंही बंद, कारण बोलल्याने धूळ उडते असं त्यांचं म्हणणं. उडते का, मला शंका आहे. पण मी गप्प बसायचो.

आता पत्राचं खरं कारण. त्यांच्या शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या अकरा काठ्या आहेत. चार तयार आहेत, सात नाहीत. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, पण एकाही चिठ्ठीवर मालकाचं नाव नाही. अण्णांना माणसं लक्षात राहत, लिहीत ते फक्त काठी कशी मोडली ते. 'गाडीच्या दारात.' 'छताच्या पंख्यात.' 'मुलाने तलवार केली.' 'ओली पिशवीत ठेवली, सहा महिने विसरले.' 'कोपऱ्यात उभी ठेवून वाकवली.' 'खरंच मासा' असं फक्त एकीवर आहे, आणि खाली दोन रेघा.

फळीवर एक डबा सापडला. लोकांची मोडकी टोकं त्यांनी त्यात जपून ठेवली होती. माझंही होतं. वाकून मोडलेल्या बांबूचे धागे लांब उसवलेले दिसतात; माझ्या टोकाची साल चिरडलेली, मोड आखूड. चिठ्ठीवर लिहिलंय: 'टर्नर. दार. मासा म्हणतो.' तीस वर्षांत एकदाही बोलले नाहीत. तर या पत्रातून सांगून टाकतो: अण्णा, दारच होतं.

ज्यांना वरच्यापैकी एखादी मोड आपली वाटते त्यांनी घरच्यांशी किंवा माझ्याशी संपर्क साधावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. मोड कशी झाली ते खरं सांगावं लागेल, ओळख पटवायचा दुसरा मार्ग नाही. तयार चार लगेच मिळतील. उरलेल्यांपैकी तिघींचं मला जमेल असं वाटतं, बाकी चार जशा आहेत तशा न्याव्या लागतील. आणि घरी नेल्यावर काठी कोपऱ्यात उभी करू नये, टांगावी.

आपला,
एक निवृत्त टर्नर