सावद्याची केळी अन् तैवान

सुन्या,

कसा शे भो? त्या दिवशी फोनवर तू म्हणालास की आपलं खान्देश अजून शंभर वर्षं शेतीतच लोळणार. तेव्हा रेंज जात होती म्हणून भांडलो नाही, आता लिहून भांडतो.

गेल्या आठवड्यात सावद्याला मावशीकडे होतो. केळीची कापणी चालू होती, ट्रकात घड रचताना मधे मधे केळीचीच पानं अंथरत होते, आणि मला एकदम तैवान आठवलं. हसू नको. 1960 च्या दशकात तैवानची केळी बोटी भरभरून जपानला जायची, त्यावर त्यांनी बक्कळ परकीय चलन कमावलं. म्हणजे ते पण केळीवालेच की रे, आणि आज जगभरच्या मोबाईलच्या चिपा तिकडे बनतात.

तू म्हणशील त्यांनी जमिनी वाटल्या. अरे आपण पण वाटल्या ना! 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन, कूळ कायदा, आमच्या आजोबांची सात एकर त्यातलीच. फरक पुढे पडला. तिकडे 1949 ला आधी कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणला, मग 1953 ला जमीनदाराकडे तीनेक हेक्टर भातशेती ठेवून बाकीची कुळांना दिली. आणि जमीनदाराला मोबदला काय, तर 70 टक्के बाँड, ते पण भात नाहीतर रताळ्याच्या हिशोबात फेडायचे, आणि 30 टक्के सरकारी सिमेंट, कागद असल्या कंपन्यांचे शेअर! बऱ्याच जणांनी ते मातीमोल भावात विकले म्हणा, पण काही घराणी त्यातूनच कारखानदार झाली. हे जमलं कारण सत्तेतले लोक चीनमधून पळून आलेले, तैवानचे जमीनदार त्यांचे कोणी सोयरे नव्हते, वर मार्शल लॉ. आपल्याकडे पुढारी अन् पाटील एकाच पंगतीला.

शेअर म्हटलं की तुला आपलं अमळनेर आठवणारच. 1945 ला इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच विप्रो झाली, ज्यांनी शेअर जपले ते करोडपती. पण मला वाटतं आपण चुकीच्या जागी टाळ्या वाजवतो. शेअरने काही घरं मोठी झाली, कॉम्प्युटरचं काम बेंगळुरूला, आणि आपला बाळू सुरतला लूमवर बारा तासांची पाळी करतोय, ते पण पॉलिस्टरवर! कापूस मात्र इथला, सरकी काढली, 170 किलोची गठाण बांधली की चालली गावाबाहेर. जिनिंग दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, मग शेडमध्ये कुत्री झोपतात.

तिकडे शेतकऱ्याला काय कुरवाळला नाही हां, खत सरकारकडूनच घ्यायचं, भाताच्या बदल्यात आणि महाग. पण पाणी, कर्ज, बियाणं पोचत होतं, पिकाचा उतारा वाढत होता, म्हणून पिळायला काहीतरी होतं. 1966 ला काओशुंग बंदरात निर्यातीचा झोन निघाला, पण माझ्या मते खरी गंमत खेड्यात झाली. छोटे छोटे कारखाने शेताच्या कडेला आले, घरातलं एक माणूस शेतात, दुसरं कारखान्यात, संध्याकाळी सगळे एकाच ताटाला. 1980 पर्यंत शेतकरी घरांची निम्म्याहून जास्त कमाई शेतीबाहेरची होती. बाळूला असं काही दहा किलोमीटरवर असतं तर तो कशाला झोपला असता चार जणांच्या खोलीत?

मावशीच्या गल्लीत दोघा भावांनी केळी वेफर्सचं युनिट टाकलंय. आठ बायका, एक कढई, पाकीट बंद करायचं एकच मशीन. दुपारी लाईट गेली की वेफर्स परातीत पडून नरम होतात अन् बायका ओट्यावर गप्पा मारत बसतात, मजुरी पण तेवढीच कापली जाते. मी गेलो तेव्हा ते मशीन पण बिघडलेलं, मेणबत्तीवर पाकिटं चिकटवत होते. तर मुद्दा असा की पुण्यात जुन्या बाजारात असं मशीन मिळतं का बघ, चालू असलं पाहिजे, आणि भाव आधी मला कळव, तू घासाघीस करत नाहीस.

तुझाच,
भय्या