पडद्यामागच्या मंडळींचे आभार

वकील संघटनेची ब्लॅक हिस्टरी मंथची (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्याची) शालेय निबंध स्पर्धा पार पडली ती या मंडळींमुळे. नावं छापू नका अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून कामंच सांगतो.

निबंधांवरची नावं काढून क्रमांक घालणाऱ्यांचे आभार आधी. पहिल्या पानावरचं नाव कोणीही खोडेल. ते फाइलच्या नावात आणि प्रॉपर्टीजमध्येही उरतं. त्यांनी तिथलंही पुसलं.

सगळ्यात किचकट काम तपशील पडताळणाऱ्यांचं. विषय होता ब्राऊन खटला, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवण्याविरुद्धचा खटला. १९५४च्या निकालाने शाळांतला वर्णभेद लगेच संपला, असं मुलं हमखास लिहितात. पण १९५५च्या दुसऱ्या निकालात ठरावीक मुदतच नव्हती, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांनी त्याआडून वर्षानुवर्षं चालढकल केली. थर्गुड मार्शल यांनाही मुलं तेव्हाच न्यायमूर्ती करून टाकतात. ते त्या खटल्यात वकील होते, सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली १९६७ मध्ये. अशा चुकांपुढे समासात पेन्सिलीची खूण आणि निकालपत्राचा संदर्भ, दोन्ही सापडले.

दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत पडली की सरासरी काढून मोकळं होता आलं असतं. तसं न करता तिसऱ्याकडे कोरी प्रत गेली, आधीचे गुण झाकून. तिसरं वाचन रात्री उशिरा करणाऱ्यांचे, आणि घरी इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी निकालपत्राच्या छापील प्रती काढून ठेवणाऱ्या ग्रंथपालांचेही मनापासून आभार.