ड्रायव्हरच्या आधी बाइंडिंग तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तेव्हापासून ‘चिप’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. बातम्या असतात त्या कारखान्यांच्या. चिप बोर्डवर बसल्यावर पुढे काय, हा भाग कोरडाच राहतो. मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्किट-बोर्डांचे प्रकल्प होतात. तोंडी परीक्षेत ड्रायव्हरचा, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड विचारतात. हार्डवेअरचे वर्णन डिव्हाइस ट्री या फाईलमध्ये असते; त्या वर्णनाचे नियम सांगणारे बाइंडिंग मात्र सहसा कोणी उघडत नाही. पॉवर मॅनेजमेंट चिपच्या बाबतीत ही हयगय महागात पडते.

ही चिप एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून प्रोसेसरला ०.९, मेमरीला १.१, कार्डाला ३.३ असे व्होल्टेज वाटून देते. कोणती रेल (अशा एकेका व्होल्टेजची वाहिनी) बंद करायची नाही, कोणती किती व्होल्टपर्यंत चढू द्यायची, हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिव्हाइस ट्रीतून कळते. बाइंडिंग हा त्या वर्णनाचा छापील अर्ज समजा: रकाने कोणते, सक्तीचे कोणते, कोणत्या रकान्यात काय चालेल.

सर्वांत फसवी चूक ३० सेकंदांची. बोर्ड सुरू होतो, लॉगिन येते, सगळे खूश. आणि अर्ध्या मिनिटाने बोर्ड गप्प. मग संशय जातो अ‍ॅडॉप्टरवर, उष्णतेवर, मेमरीवर. खरे कारण असे की, बूट झाल्यावर कर्नल ३० सेकंद थांबतो आणि ज्यांना कोणी धनी नाही ते रेग्युलेटर (रेलचे व्होल्टेज सांभाळणारे चिपमधले भाग) बंद करतो. मेमरीची रेल कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने चालू करून ठेवलेली असते, लिनक्समध्ये तिचा वाली कोणी नसतो. तिच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या तिच्या नोंदीत) ‘रेग्युलेटर-ऑल्वेज-ऑन’, म्हणजे ‘कायम चालू ठेवा’, हा रकाना नसेल किंवा त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले असेल, तर ती जाते. हे चुकलेले अक्षर डिव्हाइस ट्री बाइंडिंगशी ताडून पाहणाऱ्या ‘डीटीबीएस-चेक’मध्ये सापडायला हवे, पण अनोळखी रकाना चालणार नाही, ही अट बाइंडिंगमध्ये घातलेलीच नसेल तर तपासणी निमूट पार पडते. म्हणून बाइंडिंगची फाईल हातात आली की आधी ही अट शोधावी. रेलच्या नावांचा पॅटर्नही शेवटी बंद केलेला, म्हणजे नाव कुठे संपते ते सांगणारा हवा, नाहीतर ‘बक-१’ ते ‘बक-४’ एवढ्याच रेल असताना ‘बक-१०’सुद्धा खपून जाते.

मग आकडे. व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात, म्हणजे ३.३ व्होल्ट म्हणजे ३३०००००. एक शून्य गळले की ०.३३ व्होल्ट होतात. ते देणे चिपला शक्य नसते, रेग्युलेटर नोंदला जात नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेली उपकरणे ताटकळत राहतात. ही चूक निदान लगेच दिसते. डेटाशीटमधली (उत्पादकाच्या माहितीपत्रकातली) चिपची पूर्ण मर्यादा जशीच्या तशी बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये उतरवणे अधिक धोक्याचे: चिप ३.३ देऊ शकते म्हणून पलीकडचा १.८ व्होल्टचा भाग ते सोसेल असे नाही. कमाल आकडा म्हणजे परवानगी आहे. ती पलीकडच्या भागाच्या डेटाशीटवरूनच द्यावी.

ज्या दोन तारांवरून प्रोसेसर चिपशी बोलतो, त्या आयस्क्वेअरसीवरचा चिपचा पत्ताही पडताळावा. काही डेटाशीट ८ बिटांचा पत्ता छापतात. डिव्हाइस ट्रीमध्ये ७ बिटांचा लागतो. हेक्झाडेसिमल ९० छापले असेल तर शेवटचा बिट काढून लिहायचे ४८.

इंटरप्टची, म्हणजे चिपने प्रोसेसरला हाक मारण्याच्या पिनची, ओळ बहुतेकांना किरकोळ वाटते. पुष्कळ चिपांमध्ये घटनेची नोंद ठेवणारे स्टेटस रजिस्टर साफ होईपर्यंत ही पिन खालीच राहते. तिथे ‘फॉलिंग एज’ (पिन खाली येण्याचा क्षण) लिहिले आणि पिन खाली असतानाच दुसरी घटना घडली, तर नवी एज येतच नाही आणि पॉवरचे बटण मेल्यासारखे होते. अशा चिपला ‘लेव्हल लो’ (पिन खाली असेपर्यंत) हवे. पण बोर्डवर ही पिन न जोडताही चिप चालत असेल, तर बाइंडिंगने इंटरप्ट सक्तीचा करू नये.

बाइंडिंगने हार्डवेअर सांगावे, ड्रायव्हरची सोय बघू नये. ‘बॅटरी दर ५०० मिलिसेकंदांनी वाच’ असा रकाना दिसला की खोडावा. ‘कम्पॅटिबल’ या चिपची ओळख सांगणाऱ्या रकान्यातल्या नावात आकड्याच्या जागी ‘एक्स’ घालून सगळ्या भावंडांना एका नावाखाली कोंबू नये. कोड पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो; विकल्या गेलेल्या बोर्डातली जुनी डिव्हाइस ट्री मात्र नव्या कर्नललाही ओळखावी लागते. म्हणूनच कर्नलमध्ये बाइंडिंगचा पॅच (बदलाचा प्रस्ताव) वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी मागतात.

परीक्षकांना विनंती एवढीच, की तोंडी परीक्षेतली १० मिनिटे यासाठी ठेवावीत. डेटाशीट, सर्किटचा नकाशा आणि डिव्हाइस ट्रीची फाईल शेजारी ठेवून विद्यार्थ्याला कोणतीही एक रेल निवडू द्यावी आणि तिचा आकडा बोर्डवर मोजून दाखवायला सांगावा. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. फक्त बूट झाल्यावर मिनिटभर त्याचे टोक रेलवरून उचलू नये.

आपले,
एम्बेडेड लिनक्सवर काम करणारे काही वाचक,
मुंबई